पथ्याचा कागद

लग्नाच्या जेवणात बुफेच्या रांगेत मी शक्यतो शेवटी उभी राहते. पुढे उभी राहिले की मागचे लोक माझ्या ताटाकडे बघून आपलं ताट वाढून घेतात. मी भजं उचललं की चार जण निर्धास्तपणे भजी उचलतात, आणि मी जिलेबी टाळली की मागे कुजबुज सुरू होते. खरं सांगायचं तर जिलेबी मला आवडत नाही, एवढंच. पण ‘कॅन्सरवाल्या मॅडम’ना आवडनिवड असू शकते हे कुणाला पटत नाही. हात धुवायला गेलं तरी कुणीतरी गाठतंच. वांगं चालतं का, दूध बंद करू का, गूळ बरा की साखर. अमरावतीत सतरा वर्षं काढली, पण एकही लग्न मला शांतपणे जेवता आलेलं नाही.

माझं काम आहेच तसं. कॅन्सरची गाठ एका जागी असते तोवर ती कापून काढता येते. खरी भीती असते ती पसरण्याची. गाठीतल्या असंख्य पेशींपैकी थोड्याच घर सोडून निघतात, रक्तातून हिंडतात आणि यकृतात, फुप्फुसात नाहीतर हाडात बिऱ्हाड थाटतात. एवढं बळ त्यांना कुठून येतं, आणि आपण जे खातो त्याचा त्यात कितपत हात असतो, हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं. आधी पुण्यात, मग परदेशात, आणि शेवटी अमरावतीत. परदेश सोडून अमरावतीला यायचं ठरवलं तेव्हा तिथल्या सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. मी म्हटलं, इथे माझ्याकडे नुसते उंदीर आहेत, आणि काय खाल्लं हे उंदराला विचारता येत नाही. शिवाय माझा जन्म नांदगाव खंडेश्वरचा. वऱ्हाडातली बाई काय खाते आणि काय खाल्लं म्हणून सांगते, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार, अशी माझी समजूत होती. ती कशी खोटी ठरली, ते पुढे येईलच.

आधी धंद्याची गोष्ट सांगून टाकते, म्हणजे अडायला नको. जनुकं हा पेशीचा मोठा ग्रंथ. पेशी काही तो ग्रंथ काखेत मारून हिंडत नाही, लागतील तेवढ्या ओळी चिठ्ठीवर उतरवून घेते. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. मी शिकत होते तेव्हा आम्हा बहुतेकांना वाटायचं की चिठ्ठी जशी लिहिली तशी वाचली जाते. पुढे लक्षात येत गेलं की लिहून झाल्यावर पेशी तिच्यावर बारीक बारीक रासायनिक खुणा करते. अक्षर तेच, वर एक टिंब. मराठी माणसाला हे समजावताना मला कधी घाम फुटला नाही. मी फळ्यावर ‘पेढा’ लिहायची आणि वर अनुस्वार द्यायची. झाला पेंढा. एक आपण खातो, दुसरा बैल खातो. काही टिंबं पडली की पेशी मेद जाळून ताकद काढायला लागते आणि अशी पेशी घर सोडायला लवकर तयार होते, असं उंदरांमध्ये बऱ्यापैकी दिसतं. माणसांमध्ये तसंच होतं का, आणि ताटातल्या तेलातुपानं ही टिंबं कमीजास्त होतात का, हा आमचा प्रश्न होता.

त्यासाठी दोन गोष्टी लागायच्या, गाठीचा तुकडा आणि तो माणूस काय खातो याची खरी नोंद. लोकांना वाटतं पहिली गोष्ट अवघड असेल.

ती सोपी होती असंही नाही. आरएनए फार नाजूक. बोटाचा घाम लागला तरी चिठ्ठीचा चुरा होतो. म्हणून अकोल्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया असली की मी हातमोजे घालून खोलीबाहेर उभी राहायची. शेजारी द्रव नायट्रोजनचा कॅन. तुकडा आला की काही मिनिटांत तो कॅनमध्ये, कॅन गाडीत, आणि गाडी अमरावतीला. गाडी रहीमभाई चालवायचे. प्रयोगशाळेत आमच्या सगळ्यांच्या पदव्या एकीकडे आणि रहीमभाईंची अक्कल एकीकडे. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि कॅनमधला नायट्रोजन तळाला गेला. मी डोक्याला हात लावून बसले. रहीमभाई शांतपणे कॅन उचलून जवळच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात शिरले. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी तिथे द्रव नायट्रोजन ठेवलेलाच असतो, हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. गाडी दुरुस्त होईपर्यंत आमचे तुकडे गावठी गाईंच्या होणाऱ्या वासरांच्या शेजारी मुक्कामाला राहिले. “मॅडम, टोपन पक्कं लावा,” रहीमभाई म्हणाले. “नाई तं इकडचं तिकडं झालं का गावात कालवडीच्या जागी कायचं काय पैदा होईन.” त्यानंतर त्या दवाखान्याचा फोन नंबर मी भिंतीवर लिहून ठेवला.

खरी अवघड गोष्ट दुसरी. जेवणाच्या नोंदीसाठी पुण्याहून नेहा नावाची एक हुशार मुलगी आली होती. तिची भाषा फार गोड आणि अदबीची. पहिल्याच दिवशी तिनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, “काका, दिवसभरात आपण काय काय घेता?” काका ताठ झाले. “मी घेत नाई बाई. माळकरी मानूस हावो मी. लहाना भाऊ घेते, त्याले इचारा.” बिचारी नेहा लहान भावाच्या आहाराची नोंद करायला निघाली होती. मी तिला म्हटलं, इथे ‘काय खाल्लं’ असं थेट विचारायचं. उद्धट वाटलं तरी विचारायचं.

वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी आमच्या अभ्यासात होते. आतड्याची गाठ काढलेली, तब्येत ठणठणीत. त्यांच्या नोंदीत रोज बारा संत्री. एक दिवस ते माझ्यासमोर येऊन बसले.

“मॅडम, फक्त येवढं लिहून द्या का संत्र्यानं कॅन्सर पसरत नाई. पेटीवर छापतो.”

“असं सिद्ध झालेलं नाही.”

“मंग संत्र्यानं पसरते, असं सिद्ध झालं का?”

“तसंही नाही.”

“मंग लिहून द्याले तुमचं काय जाते?”

त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना, पण मी लिहून दिलं नाही. जे पक्कं नाही ते मी कागदावर येऊ देत नाही, आणि या बाबतीत माझा हट्ट सगळ्यांना माहीत होता. त्यांनी न रागावता संत्र्यांची पेटी पाठवली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती संपवली.

आता माझ्या चुकीकडे येते. वर्षभराच्या नोंदी जमल्या तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. काही बायकांच्या तक्त्यात तेलतूप जवळजवळ नाही, पण रक्तात मेद भरपूर. आम्ही रक्ततपासणीचं यंत्र तपासलं, रसायनं बदलली, यंत्रवाल्याला नागपूरहून बोलावलं. दोन महिने त्यात गेले. यंत्र अगदी ठीक होतं. मग एका चतुर्थीला मी घरी बसले होते आणि माझ्या मावशीचा फोन आला. “जेवलीस का गं?” मी म्हटलं, “नाही गं, आज काही खाल्लं नाही. उपास आहे.” हे म्हणताना माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात साबुदाण्याच्या खिचडीचा घास. ताटलीत तळलेले बटाट्याचे पापड होते, दाण्यांची आमटी होती, राजगिऱ्याचा लाडू होता.

मी फोन ठेवला आणि तशीच प्रयोगशाळेत गेले. तक्ते काढले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. जिथे जिथे बाईनं सांगितलं होतं “काई नाई खाल्लं, उपास होता”, तिथे तिथे नेहानं प्रामाणिकपणे शून्य मांडलं होतं. आणि त्या शून्यात दाण्याचा कूट, वनस्पती तूप आणि तळलेले वेफर्स होते. नेहाला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण तक्ता मी तयार केला होता. नांदगाव खंडेश्वरच्या मुलीनं. पुढच्या तक्त्यात आम्ही एक ओळ घातली, ‘उपास होता का? मग काय काय खाल्लं?’ या प्रश्नावर बायका आधी हसायच्या आणि मग जे सांगायला लागायच्या ते संपायचं नाही. नंतर दुसरीकडच्या एकदोन प्रयोगशाळांनी आमचा तक्ता मागून नेला, तेव्हा मला माझ्या शोधनिबंधांपेक्षा या ओळीचा जास्त अभिमान वाटला. अजूनही वाटतो.

पण त्या तक्त्याखाली एक साधा रकाना होता, वजनाचा. तो मी वाचला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शोभा पातूरकडच्या एका गावातली. वय चाळिशीच्या आत. घरची थोडी जमीन, त्यात मेथी, वांगी आणि झेंडू. माल घेऊन ती स्वतः बाजारात बसायची. छातीत गाठ निघाली आणि अकोल्यात शस्त्रक्रिया ठरली. तिनं अभ्यासासाठी तुकडा द्यायला संमती दिली होती, म्हणून त्या दिवशी मी कॅन घेऊन दारात उभी होते. तिची सासू गयाबाई बाकावर बसून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी उठून आली.

“कावो बाई, दूध कसं देल्लं?”

“हे दूध नाही, मावशी.”

“मंग वाफ काहून निंगून राह्यली? तापवून आनलं का?”

मी समजावलं. यात बर्फाहून कितीतरी थंड औषध आहे, तुमच्या सुनेच्या गाठीचा छोटा तुकडा यात ठेवून तपासायचा आहे, तिनं हो म्हटलंय. गयाबाईनं कॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली. “ठेवा, ठेवा. लागन तेवढी ठेवा. घरी नका पाठवू वापस, म्हंजे झालं.” त्या दिवसापासून मी तिच्यासाठी दूधवाली बाई.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पुढे केमोचे डोस सुरू झाले. मधल्या काळात संक्रांत आली आणि पातूरच्या बायकांनी हळदीकुंकवाला मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मला बोलायला आवडतं, आणि मी चांगलं बोलते. त्या दिवशी तर फारच चांगलं बोलले. पेढा-पेंढा झालं, बायका हसल्या. मग मी म्हटलं, “गाठीतली पेशी दूरच्या गावाला निघते तेव्हा तिला शिदोरी लागते. तेलतूप, मेद, ही तिची शिदोरी असावी असं आम्हाला वाटतंय.” शिदोरी हा शब्द मला आदल्या दिवशीच सुचला होता आणि मी त्यावर खूश होते. दुसऱ्या रांगेत गयाबाई बसली होती. इतर बायका तिळगूळ घेऊन गप्पा मारत होत्या. ती मात्र लवकर उठून गेली. मला वाटलं, भाषण मनाला भिडलं.

भिडलंच होतं. पुढच्या महिन्यात नेहानं शोभाचे तीन आठवड्यांचे तक्ते माझ्यासमोर ठेवले. तक्त्यावर नावं नसायची, नुसते नंबर. नंबर कुणाचा ते मला माहीत नव्हतं. सकाळी कोरा चहा. दुपारी भाकर, उकडलेली मेथी, बिनफोडणीचं वरण. संध्याकाळी भाकर आणि मीठ. तेल नाही, तूप नाही, शेंगदाणे नाहीत, दूध नाही. उपासाच्या दिवशी फक्त पाणी, आणि या वेळी खरोखरच फक्त पाणी. मेदावर संशोधन करणाऱ्याला इतका कमी मेद खाणारा माणूस मागून मिळत नाही. कुणाला असं जेवायला सांगताही येत नाही. हे लिहायला जड जातंय, पण तो तक्ता बघून मला आनंद झाला. मी नेहाला म्हटलं, “हिच्या नोंदी अजिबात चुकू देऊ नकोस.”

त्याच दुपारी अकोल्याहून कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन आला. तुमच्या अभ्यासातल्या एका बाईचं वजन भराभर उतरलंय, रक्त कमी झालंय, तिसरा डोस देता येत नाही. “गाठ काढली, पण कुठे काही लपून राहिलं असेल तर त्याच्यासाठी हे डोस आहेत,” ते म्हणाले. “खंड लांबला तर सगळं केलेलं वाया जाईल. ती जेवत का नाही ते जरा बघता का? आम्हाला सांगत नाहीत.” नेहानं नंबर जुळवला. समोरचाच तक्ता होता. खालच्या रकान्यात तीन आठवड्यांची वजनं नेहानं नीट अक्षरात लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रहीमभाईंना घेऊन निघाले. शोभा अंगणात खाटेवर बसून मेथी निवडत होती. डोक्याला रुमाल, मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या, नाहीतर गळून पडल्या असत्या. गयाबाई मला बघून मनापासून हरखली. “दूधवाल्या बाई आल्या!” मला हाताला धरून तिनं स्वयंपाकघरात नेलं आणि रिकामं फडताळ दाखवलं. तेलाचा डबा नाही, तुपाची बरणी नाही.

“साऱ्या घरानं सोडलं,” ती अभिमानानं म्हणाली. “पोरायनं, माह्या पोरानं, म्या. तिले येकलीले कसं सोडाले लावू? तिच्या जिवाले वाईट वाटन.”

आता या बाईला रागावणार कसं? मी तिथेच पाटावर बसले आणि समजावायला लागले. म्हटलं, मी त्या दिवशी बोलले ते अजून पक्कं नाही. ते उंदरांमध्ये दिसलंय. आत्ता शोभाला ताकदीची गरज आहे, ती जेवली नाही तर औषध देता येणार नाही.

“उंदराले काय खाऊ घातलं ते मले नका सांगू,” गयाबाई म्हणाली. “तुमी सांगतलं का तिले शिदोरी लागते. म्या शिदोरी बंद केली. आता काहून फिरता?”

“मी फिरत नाही, गयाबाई. ते पक्कं नव्हतं.”

“पक्कं नोतं तं सांगतलं काहून?”

परिषदांमध्ये मोठमोठ्या लोकांनी मला उलटसुलट प्रश्न विचारले आहेत आणि मी कधी हार गेले नाही. त्या स्वयंपाकघरात मात्र मी हरले. मला लाज वाटली. शोभा दारात येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, “मले भूक लागते वो बाई. लय लागते. पन ते भूक माही का त्या गाठीची, हे समजत नाई. घास घेतला का वाटते, तिलेच जाऊन राह्यला.”

“गाठ काढली ना पण तुझी. ती माझ्याकडे अमरावतीत आहे.”

“हाव. पन भेव तं अठीच हाये ना.”

मी पुन्हा गयाबाईकडे वळले, तर ती मान हलवत म्हणाली, “बाई, तुमी काई म्हना. पथ्य हाये ते. पथ्य मोडलं का सारंच गेलं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे औषधाची गोळी विसरली तर चालते, पण पथ्य मोडायची कुणाची छाती होत नाही. आणि पथ्य म्हणजे काहीतरी सोडणं, एवढाच अर्थ सगळ्यांच्या डोक्यात असतो. मी पिशवीतून एक कोरा तक्ता काढला, उलटा केला आणि वर मोठ्या अक्षरात ‘पथ्य’ असं लिहिलं. अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला आणि एकेक ओळ त्यांना विचारून लिहीत गेले. मग आत येऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. सकाळी दूध, पेलाभर, साखर घालून. दोन अंडी.

“अंडे तिले चालते, मले नाई,” गयाबाई म्हणाली.

“तुमच्यासाठी नाहीच हे. दुपारी भाकर, फोडणीची भाजी, वरण, वरून चमचाभर तेल. दाण्याची चटणी. चार वाजता लाडू. रात्री तसंच. एकही जेवण चुकवायचं नाही. हे पथ्य मोडू नये.”

गयाबाई पुढे सरकून बसली. आता ती ऐकत होती. “आन् उपास?”

“उपास नाही.”

“सोमवार?”

“नाही.”

“चतुर्थी?”

“नाही.”

“येकादशी तं चालन?”

“एकादशीही नाही. औषध संपून डॉक्टर हो म्हणेपर्यंत एकही नाही.”

मला वाटलं, इथे गाडं अडणार. मग ती देवाच्या फोटोकडे बघून म्हणाली, “बरं. मंग तिचे सोमवार आन् चतुर्थ्या मी धरतो. येकादशी तं माही हायेच.” तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि फडताळाच्या दाराला चिकटवला. तेलाचा डबा शेजारच्या घरी ठेवला होता, तो मागवला. थोड्या वेळात मोहरी तडतडली आणि महिन्याभरानंतर त्या घरात फोडणीचा वास सुटला. मला आणि रहीमभाईंना जेवल्याशिवाय सोडणार नव्हतेच. पहिला घास हातात धरून शोभा माझ्याकडे बघत राहिली. मी मान डोलावली. तिनं तो खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि मग वर बघितलंच नाही.

दोनेक आठवड्यांनी तिचा डोस पुन्हा सुरू झाला आणि पुढचे सगळे वेळेवर झाले. मी मध्ये पडल्यामुळे तिच्या नोंदी अभ्यासातून काढून टाकाव्या लागल्या. नेहाला वाईट वाटलं, मलाही वाटलं. शिदोरी हा शब्द मी पुन्हा कुठल्याही भाषणात वापरला नाही. आमचं बाकीचं काम उत्तम झालं, ते सांगायला मला संकोच वाटत नाही. खाण्याबरोबर काही टिंबं बदलतात हे आम्ही माणसांमध्येही पाहिलं. ताटातून नेमकं काय काढायचं आणि किती, हे मात्र अजून सांगता येत नाही. माझ्या नावावर छापलेल्या प्रत्येक निबंधात शेवटी तेच लिहिलं आहे, फक्त जास्त लांबलचक.

मी निवृत्त झाले त्यालाही आता दोन वर्षं झाली. या श्रावणात शोभा अमरावतीच्या घरी आली. अंगानं भरलेली, केसांची जाड वेणी, हातात पिशवी. पिशवीत मेथी आणि वांगी. तपासण्या दर वेळी स्वच्छ निघतात, हे मला माहीत होतं. चहा झाल्यावर ती म्हणाली, “बाई, मले माहे उपास वापस पाह्यजे.”

“म्हणजे?”

“तवापासून माहे उपास सासूच करून राह्यली. सोमवार, चतुर्थी, सारे. आता थकली वो ते. हाडं दिसते. म्या म्हटलं, मले आता काई नाई, डॉक्टरबी हो म्हन्ते. तं आयकतच नाई. म्हन्ते, दूधवाल्या बाईनं बांधलं, दूधवाल्या बाईनंच सोडावं.”

तिला माझ्याकडून गयाबाईच्या नावाचा पथ्याचा कागद हवा होता. मी म्हटलं, “अगं, मी काही डॉक्टर नाही.”

“त्या टायमाले तरी कुठं होत्या?” शोभा म्हणाली.

मी कागद घेतला. वर ‘पथ्य’ लिहिलं, त्याखाली गयाबाईचं नाव. सकाळी दूध. अंडं नाही. दोन्ही वेळा पोटभर जेवण, वरून तेल. सोमवार आणि चतुर्थी सुनेला परत. स्वतःचा उपास फक्त एकादशीचा. लिहून होईपर्यंत शोभानं घरी फोन लावून माझ्या हातात दिला होता. गयाबाईचा आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तेच.

“कागद मंग पाह्यतो. आंधी हे सांगा. तिनं उपास धरला तं ते पुन्हा येईन का?”

समोर शोभा बसली होती आणि मेथीची जुडी उगाचच सोडत, बांधत होती. सात वर्षं ही म्हातारी दोघींचे उपास का करत होती, ते मला तेव्हा कळलं.

“उपासानं नाही येत, गयाबाई.”

“पक्कं?”

“पक्कं.”

मग ती म्हणाली, “मंग लिहून द्या.”

मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला लिहिलं, ‘शोभानं उपास धरला म्हणून काही होत नाही.’ आणि खाली, सगळ्या पदव्यांसकट, सही केली.